ऑपरेशन होणार नाही, मग पुढे काय?

दहावीच्या विज्ञानात स्त्रीच्या प्रजनन संस्थेची आकृती असते. मधे गर्भाशय, दोन्ही बाजूंना अंडनलिका आणि त्यांच्या टोकांशी बदामाच्या आकाराची दोन अंडाशये. ही आकृती काढून तिला नावे देणे परीक्षेत हमखास येते, त्यामुळे ती आपल्याला पाठ असते. पण आकृतीभोवतीच्या कोऱ्या कागदाच्या जागी प्रत्यक्षात काय असते? तिथे उदराची पोकळी असते. अंडाशय या पोकळीत जवळजवळ मोकळेच लटकत असते आणि अंडनलिकेचे झालरीसारखे तोंडही तिच्यातच उघडते.

ही मोकळी जागा मुद्दाम लक्षात ठेवायची, कारण अंडाशयाच्या कर्करोगाचे बरेचसे वागणे तिच्यावरून समजते. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईला हा रोग झाल्याचे कळले तेव्हा तो उदरात सर्वत्र पसरलेला होता. तिचे वय तेव्हा ६८ होते. शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मी पेशींवर संशोधन करते म्हणून नातेवाईक आणि शेजारी मलाच विचारू लागले, "म्हणजे आता करण्यासारखं काही उरलंच नाही का?" बरेच उरले होते, आणि त्यातले पुष्कळसे घरच्या माणसांनी करायचे होते. ते काय, आणि त्यामागचे विज्ञान काय, ते या लेखात पाहू. आपल्या शाळेत एखाद्या मुलाची किंवा एखाद्या सहकाऱ्याची आई आज याच आजारातून जात असेल. त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

रोग पसरतो कसा?

उदरपोकळीला आतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असते. त्याला उदरावरण म्हणतात. आतडी, जठर, यकृत यांच्यावरही हेच अस्तर चढवलेले असते. त्याच्या साऱ्या घड्या उलगडून पसरल्या तर त्याचे क्षेत्रफळ साधारण आपल्या अंगावरच्या त्वचेइतके भरेल. अवयव एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे थोडासा द्रव असतो. श्वासाबरोबर श्वासपटल वरखाली होते, आतडी हलत असतात, त्यामुळे हा द्रव सतत फिरतो आणि मुख्यतः श्वासपटलाखालच्या बारीक लसीकावाहिन्यांतून शोषला जातो.

बहुतेक कर्करोगांना दूर जायचे तर रक्तवाहिनीत किंवा लसीकावाहिनीत शिरावे लागते. अंडाशयाच्या कर्करोगाला त्याची फारशी गरज पडत नाही. मूळ गाठीपासून सुटलेल्या पेशी या द्रवात तरंगू लागतात. पाटाच्या पाण्याबरोबर तणाचे बी शेतभर जावे, तशा त्या उदरभर जातात आणि जागा मिळेल तिथे रुजतात: श्वासपटलाच्या खालच्या बाजूला, आतड्यांवर, जठराखाली पदरासारख्या लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्यावर. या रोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराची सुरुवात तर पुष्कळदा अंडनलिकेच्या झालरीतल्या पेशींत होते, असे गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या संशोधनातून पुढे आले आहे.

पेशींनी लसीकावाहिन्यांची तोंडे बुजवली की द्रवाचा निचरा थांबतो. त्यातच गाठींमुळे आसपासच्या केशवाहिन्या गळू लागतात आणि पोटात पाणी साठते. यालाच आपण जलोदर म्हणतो. पोट फुगल्यासारखे वाटणे, दोन घास खाल्ले की पोट भरणे, वारंवार लघवीला जावे लागणे, ही लक्षणे इतकी साधी असतात की 'गॅस झालाय' किंवा 'वय झालं' म्हणून दिवस निघून जातात. म्हणूनच बहुतेक रुग्णांचे निदान रोग पसरल्यावर होते. निरोगी स्त्रियांची सरसकट तपासणी करून हा रोग लवकर पकडता येईल का, हे पाहण्यासाठी ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या तपासण्यांमुळे मृत्यूंचे प्रमाण कमी झाले नाही. तेव्हा 'आधीच का नाही दाखवलंत?' हा प्रश्न घरच्यांना विचारू नये. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीला अशी लक्षणे नव्याने सुरू झाली आणि ती महिन्यातले दहा-बारा दिवस टिकू लागली, तर डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्यावी, एवढे आपण सर्वांनी लक्षात ठेवायला हवे.

'करता येणार नाही' म्हणजे काय?

या रोगात शस्त्रक्रियेचा हेतू असतो, डोळ्यांना दिसणारी प्रत्येक गाठ काढून टाकणे. बरेच काही मागे राहिले तर एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेचा फायदा थोडा आणि त्रास फार. काही जागा अशा असतात की तिथून गाठी काढताच येत नाहीत. लहान आतडे ज्या पडद्याने पाठीच्या भिंतीला बांधलेले असते, त्याच्या मुळातून आतड्याच्या साऱ्या रक्तवाहिन्या जातात. तिथे दाण्यांसारख्या गाठी पसरल्या असतील तर त्या खरवडताना आतड्याचा रक्तपुरवठाच तुटायचा. कधी अडचण जागेची नसते. रुग्ण फार अशक्त असते, छातीतही पाणी झालेले असते किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असते.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न असा विचारावा: "शस्त्रक्रिया आत्ता करता येणार नाही, की कधीच नाही?" या दोन्हींत मोठा फरक आहे. आधी औषधे देऊन गाठी लहान करायच्या आणि मग शस्त्रक्रिया करायची, ही पद्धत आता रूढ आहे. २०१० आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, आधी शस्त्रक्रिया झालेल्या आणि आधी औषधे घेतलेल्या रुग्णांचे आयुष्य जवळपास सारखेच भरले. साधारणपणे औषधांच्या तीन फेऱ्यांनंतर पुन्हा स्कॅन काढून निर्णय घेतात. माझ्या आईच्या बाबतीत तीन फेऱ्यांनंतर आणि सहा फेऱ्यांनंतरही आतड्याच्या मुळाशी दाणे होतेच, म्हणून शस्त्रक्रिया झाली नाही. तोवर पोटातले पाणी मात्र आटले होते आणि ती पुन्हा रोज सकाळी फिरायला जाऊ लागली होती.

"ऑपरेशन करणार नाहीत, म्हणजे सोडून दिलंय का मला?" असे आईने एकदा विचारले. मी तिला कागदावर आतड्याचा तो पडदा काढून दाखवला. हात घालता येत नाही तो एका जागी, उपचार चालूच आहेत, हे तिला पटले.

औषधे काय करतात?

या रोगात सहसा दोन औषधे तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने शिरेतून देतात: कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. दोन्हींच्या शोधाच्या कथा वर्गात सांगण्याजोग्या आहेत.

अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग विद्युत क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. विद्युत अग्रे प्लॅटिनमची होती. वीज सुरू केली की जिवाणूंचे विभाजन थांबे, पण वाढ चालू राही. ते लांबच लांब धाग्यांसारखे होत. हा परिणाम विजेचा नव्हता. अग्रांतून थोडे प्लॅटिनम विरघळून जे संयुग तयार होत होते, त्याचा तो परिणाम होता. हे संशोधन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. विभाजन थांबवणारे द्रव्य कर्करोगाच्या पेशींनाही रोखेल का, या विचारातून सिस्प्लॅटिन हे औषध आले आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कार्बोप्लॅटिन हे त्याचेच मूत्रपिंडांना कमी त्रास देणारे भावंड, १९८९ सालचे. प्लॅटिनम डीएनएला घट्ट चिकटते. मग डीएनएची प्रत काढताना पेशी अडकते आणि मरते.

पॅक्लिटॅक्सेलचा संबंध थेट आपल्या नंदुरबारशी आहे. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात शिकून ते पुढे अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून हे द्रव्य वेगळे केले आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. ते काम कसे करते, हे १९७९ मध्ये सुसान हॉरविट्झ यांनी दाखवले. पेशी विभाजित होताना गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढून नेणारे तुर्कतंतू आपण शिकवतो. हे तंतू सूक्ष्म नळ्यांचे बनलेले असतात. एरवी त्या नळ्या सतत जुळतात आणि सुटतात. पॅक्लिटॅक्सेल त्यांना सुटूच देत नाही, त्यामुळे विभाजन मध्येच अडते. १९९२ मध्ये अमेरिकेत हे औषध प्रथम मान्य झाले, तेही अंडाशयाच्या कर्करोगासाठीच.

हे कार्य समजले की औषधांचे त्रास आपोआप समजतात. झपाट्याने विभाजित होणाऱ्या पेशी शरीरात आणखी कुठे असतात? केसांच्या मुळांशी, म्हणून केस जातात. औषध थांबल्यावर ते पुन्हा येतात. अस्थिमज्जेत, म्हणून रक्तातल्या पेशी घटतात. मग हातापायांच्या बोटांना मुंग्या का येतात? चेतापेशी तर विभाजित होत नाहीत! पण कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत गेलेल्या लांब चेतातंतूंमधली मालवाहतूक याच सूक्ष्म नळ्यांवरून चालते. ती बिघडली की सर्वांत लांबच्या टोकांना आधी कळते. ही मुंग्यांची तक्रार डॉक्टरांना सांगायला हवी, कारण त्यावरून ते औषधाची मात्रा बदलतात. 'एवढं काय, होणारच' म्हणून आपली माणसे ती सांगत नाहीत.

घरी काय पाहायचे?

औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर रात्र असली तरी रुग्णालयात न्यायचे. क्रोसिनची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. गोळीने ताप उतरतो, जंतुसंसर्ग तसाच राहतो. एरवी जो ताप आपण अंगावर काढतो, तोच या दिवसांत काही तासांत जिवावर बेतू शकतो. घरात थर्मामीटर, रुग्णालयाचा तातडीचा फोन क्रमांक आणि वाहनाची सोय, या तीन गोष्टी पहिल्या फेरीच्या आधीच तयार ठेवाव्यात.

आम्ही एक शंभर पानी वही केली. प्रयोगवहीत असतात तसे रकाने आखले: तारीख, ताप, वजन, बेंबीपाशी पोटाचा घेर, शौच, उलटी, दुखणे, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. दुखणे शून्य ते दहा या मापाने लिहायचे. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढे. आई पोस्टात नोकरीला होती, हिशेबाची तिला सवय. पहिल्याच आठवड्यात तिने वही स्वतःकडे घेतली. भेटीच्या वेळी डॉक्टरांकडे पाच-दहा मिनिटेच असतात. 'बरं नव्हतं' यापेक्षा 'आठ दिवसांत पोटाचा घेर सहा सेंटिमीटर वाढला' या वाक्यावर ते लगेच काही करू शकतात.

पोटात पाणी भरले की जठराला जागा उरत नाही. अशा वेळी 'थोडं तरी खा' असा आग्रह केला तर रुग्णाच्या वाट्याला उलटी येते आणि वर मुलांचे मन मोडल्याची खंत. दिवसातून सहा-सात वेळा चार-चार घास द्यावेत. आपण पितो ते पाणी पोटात साठते, ही समजूतही चुकीची आहे. वाहिन्यांतून झिरपलेला तो द्रव असतो. तो सुईने काढला की श्वास आणि भूक दोन्ही सुधारतात. मात्र त्याबरोबर प्रथिनेही जातात, म्हणून अंडे, दही, ताक, मुगाचे वरण यांपैकी सोसेल ते चालू ठेवावे.

आतड्यावर बाहेरून गाठींचा दाब आला तर त्याची वाट अरुंद होते. डॉक्टरांनी तसे सांगितले असेल तर मटकीची उसळ, मेथी, कोबी, सालीसकट फळे बंद करून मऊ भात, गाळलेले वरण, पेज यांवर यावे. कळा येऊन पोट दुखणे, उलट्या आणि वात सरणेही बंद, ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर एरंडेल किंवा जुलाबाचे कोणतेही औषध न देता थेट रुग्णालय गाठावे.

आकडे वाचायचे कसे?

सीए-१२५ हे रक्तातल्या एका प्रथिनाचे माप आहे. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ते ओळखण्याची पद्धत शोधली. ३५ एककांपर्यंतचा आकडा सामान्य मानतात. मात्र उदरावरणाला कशानेही त्रास झाला की तो वाढतो. पोटाच्या क्षयातही तो शेकड्यांत जातो, आणि आपल्याकडे हे विसरून चालत नाही. उपचार चालू असताना आकडा खाली चालला आहे की वर, एवढा कल त्यावरून कळतो.

आमच्याकडे हा आकडा १९०० वरून २१० वर आला तेव्हा नातेवाईकांनी पेढे आणले. पुढच्या खेपेला तो २६० झाला आणि घरात कुणी कुणाशी बोलेना. आई मात्र त्या दिवशी दोन मजले चढून मैत्रिणीकडे जाऊन आली होती. शेवटी आम्ही ठरवले की वहीत आकड्याशेजारी त्या आठवड्यात आईने काय काय केले तेही लिहायचे. डॉक्टरसुद्धा एका आकड्यावर उपचार बदलत नाहीत. ते आकडा, स्कॅन आणि माणूस तिन्ही पाहतात.

दुसरा आकडा असतो आयुष्याचा. पुस्तकात किंवा इंटरनेटवर 'मध्यक आयुर्मान अमुक महिने' असे वाचायला मिळते आणि घरचे ती तारीख मनात धरून बसतात. मध्यक आपण नववी-दहावीत शिकवतो. एक काल्पनिक उदाहरण घ्या. अकरा रुग्ण अनुक्रमे ४, ७, ९, ११, १४, १८, २३, ३१, ४४, ७०, १२० महिने जगले. मध्यक आला १८ महिने. मध्य काढा, तो जवळपास ३२ येतो. का? उजवीकडची शेपूट लांब आहे. आता दुसरा प्रश्न मुलांना द्या: जे १८ महिन्यांच्या पुढे गेले, त्या पाच जणांच्या आयुष्याचा मध्यक किती? ४४. म्हणजे पहिल्या दिवशी वाचलेला आकडा दीड वर्षानंतर त्या रुग्णाला लागूच पडत नाही.

जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये उदरावरणाचाच एक दुर्मीळ कर्करोग झाला. त्याचे मध्यक आयुर्मान आठ महिने असल्याचे त्यांनी वाचले. तेव्हा त्यांचे वय ४० होते. निम्मे रुग्ण आठ महिन्यांपेक्षा जास्त जगतात आणि त्यांतले काही पुष्कळच जास्त, हे त्यांनी संख्याशास्त्राच्या जाणकाराच्या नजरेने ओळखले आणि १९८५ मध्ये त्यावर निबंध लिहिला. पुढे ते २० वर्षे जगले. २००२ मध्ये वेगळ्याच कर्करोगाने गेले. असे प्रत्येकाच्या बाबतीत होईल, असा याचा अर्थ नाही. शेपटीच्या अलीकडेही माणसे असतात. म्हणून आम्ही दोन्हींची तयारी ठेवली: बँकेची, घराची कागदपत्रे आईच्याच सल्ल्याने नीट लावली, आणि भाचीच्या लग्नाची साडीही घेतली.

दुखणे आणि अफू

वेदना सहन करायलाच हवी, असा आपल्याकडे समज आहे. मॉर्फिनचे नाव काढले की 'व्यसन लागेल', 'म्हणजे शेवट आला' असे घरचे म्हणतात. कर्करोगाच्या वेदनेसाठी योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागल्याचे क्वचितच आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच याचे नियम घालून दिले: शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे, पायरीपायरीने. 'घड्याळाप्रमाणे' का? रक्तातली पातळी घसरून दुखणे उसळले की ते खाली आणायला जास्त औषध लागते. मॉर्फिनने बद्धकोष्ठ हमखास होते, म्हणून त्याबरोबरच डॉक्टर त्यावरचेही औषध लिहून देतात.

भारत औषधी अफू पिकवतो, पण आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळणे कठीण होते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे रुग्णालयांना अनेक परवाने लागत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन एकच परवाना पुरेसा झाला. तरीही आपल्या गावाजवळ मॉर्फिन कुठे मिळते, याची चौकशी गरज पडण्याआधीच करावी.

वेदना कमी करण्याच्या या शास्त्राला पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतात. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. दुखणे शरीराचे, मनाचे, पैशाचे आणि नात्यांचेही असते, ही मांडणी त्यांची. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले. पुण्यात वारज्याला १९९७ मध्ये सिप्लाचे केंद्र. ही सेवा फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते, हा गैरसमज आहे. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्यांचे दिवस अधिक चांगले गेलेच, शिवाय ते सरासरीने थोडे जास्त जगले. आम्ही आईचे नाव तिसऱ्या फेरीच्या वेळीच नोंदवले.

सांगायचे की लपवायचे?

आपल्याकडे 'तिला सांगू नका' असे म्हणायची पद्धत आहे. पण केस गेलेले, दर तीन आठवड्यांनी सलाइन, दारावर कर्करोगाची पाटी. रुग्णाला कळतच असते. लपवल्यामुळे तिला बोलायला माणूस उरत नाही. सगळे एकदम सांगायचीही गरज नसते. "तुला किती ऐकायचंय?" असे विचारावे आणि तेवढेच, पण खरे सांगावे. पुढचे निर्णय तिने स्वतः घ्यायचे असतील तर तिच्याजवळ माहिती हवी. पुढच्या ओळीचे औषध घ्यायचे की थांबायचे, शेवटी घरी राहायचे की रुग्णालयात, हे तिला बरे वाटत असतानाच विचारावे.

आणखी एक चाचणी सर्व कुटुंबाच्या कामाची आहे. या रोगाच्या शंभरातल्या सुमारे पंधरा रुग्णांत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत जन्मजात दोष असतो. ही जनुके तुटलेला डीएनए दुरुस्त करतात. दोष सापडला तर दुरुस्तीची दुसरी वाटही बंद करून कर्कपेशी मारणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात. त्यांतल्या ओलापॅरिबला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. असा दोष मुलगा आणि मुलगी दोघांकडेही येण्याची शक्यता निम्मी असते. तपासणी आधी रुग्णाची करावी. आईत तो दोष निघाला नाही, त्यामुळे या जनुकांपुरती माझी आणि भावाची काळजी मिटली. निघाला असता तर आम्हाला आमच्यासाठी आणि आमच्या मुलांसाठी वेळेवर सल्ला घेता आला असता.

वर्गातले मूल

आई आजारी असलेले मूल वर्गात बसलेले असते तेव्हा त्याच्या मनात काय चालते? 'मी त्रास दिला म्हणून झालं का?', 'मलाही लागेल का?' हे प्रश्न लहान मुले विचारत नाहीत, मनात ठेवतात. म्हणून ती दोन्ही उत्तरे आपण आपणहून द्यावीत: हा रोग कुणाच्या वागण्यामुळे होत नाही आणि तो संसर्गाने लागत नाही. चारचौघांत विचारपूस करू नये. एका शिक्षकाने किंवा शिक्षिकेने त्या मुलाची जबाबदारी घ्यावी आणि बाकीच्यांना आवश्यक तेवढेच सांगावे. केमोच्या फेऱ्यांच्या तारखा ठाऊक असतील तर गृहपाठ आणि चाचण्या पुढेमागे करता येतात.

आठवी-नववीतल्या मुलीवर अशा वेळी साऱ्या घराचा स्वयंपाक पडतो आणि गैरहजेरी वाढत जाते. पालकांशी, शेजाऱ्यांशी बोलून आठवड्यातले दोन-तीन डबे वाटून घेता येतात. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून आजूबाजूच्या साध्या माणसांच्या आधारावरच उपशामक सेवेचे मोठे जाळे उभे राहिले. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे बरेच उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटायला सांगावे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

शेवटी, सांभाळणाऱ्या माणसांबद्दल. हा आजार महिन्यांचा किंवा वर्षांचा असतो. एकट्या सुनेने किंवा मुलीने तो पेलू नये. आम्ही भावंडांनी आठवडे वाटून घेतले. जो लांब राहतो त्याने अहवाल, विमा आणि औषधांची मागणी सांभाळायची, असे ठरवले. सध्या आईला पुढच्या ओळीचे औषध चालू आहे. पोटाचा घेर गेले दोन महिने तोच आहे, दुखण्याच्या रकान्यात बहुधा दोन किंवा तीन असतात. पहिली वही संपली, आता दुसरी चालू आहे, आणि तिच्यातले रकाने आईनेच आखले आहेत.